हनीफभाईंचं नको असलेलं व्याज

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला लग्नात कोणी धड जेवू देत नाही. पानात जिलेबी पडते न पडते तोच शेजारी कोणीतरी सरकून बसतं आणि हळूच विचारतं, "तुमच्या शाखेत त्या अमक्यांचं खातं आहे ना? किती असतील हो साधारण?" साधारण म्हणे! मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या शाखेत काउंटरमागे सगळी नोकरी काढली. प्रमोशन नको असं लिहून दिलं, म्हणून बदलीही झाली नाही. कारखान्यातले पगारदार, छोटे वर्कशॉपवाले, भाजीवाल्या, पेन्शनर, सगळ्यांची खाती माझ्या डोळ्यांसमोरून गेली. माझ्या एका मावशीने तर मुलीची सोयरीक जमवताना मुलाची पत्रिका बाजूला ठेवून आधी त्याचा बॅलन्स माझ्याकडे मागितला होता. मी नाही म्हटलं. त्यानंतर कित्येक वर्षं ती माझ्याशी हळदीकुंकवापुरतंच बोलली.

लोकांना वाटतं, आम्ही बँकवाले उगाच भाव खातो. तसं नाही. नोकरीवर रुजू होतो त्याच दिवशी आमच्याकडून गोपनीयतेच्या प्रतिज्ञेवर सही घेतात. ग्राहकाच्या खात्यातलं काही बाहेर सांगायचं नाही. बायकोचं नवऱ्याला नाही, बापाचं मुलाला नाही. कायद्याने मागितलं तर द्यायचं, ग्राहकाने स्वतः सांगितलं तर द्यायचं, एवढ्याच काय त्या मोठ्या वाटा. तरुणपणी मला ती सही म्हणजे रुजू होतानाच्या पंधरा कागदांपैकी एक वाटली होती. तिचं वजन मला फार उशिरा कळलं, आणि ते कळवलं हनीफभाई तांबोळी नावाच्या एका पेन्शनर माणसाने.

हनीफभाई मनमाडचे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि मिस्त्री होऊन निवृत्त झाले. बायको आधीच गेली होती. मुलगा आसिफ सातपूरला लेथ मशीन टाकून जॉबवर्क करायचा, त्याच्याकडे ते राहायला आले आणि पेन्शनचं खातं आमच्या शाखेत आणलं. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम एक छोटा पाना लावलेला. रेल्वे सुटली तरी पाना सुटला नव्हता. काउंटरची झडप कुरकुरली की ते न विचारता स्क्रू आवळून द्यायचे.

एक दिवस ते पासबुक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. चेहरा रागावलेला. मी मनात म्हटलं, झालं, काहीतरी कापलं गेलंय. बँकेत लोक भांडायला येतात ते पैसे कमी झाले म्हणून, हे आम्हाला इतकं पाठ असतं की उत्तर आधीच जिभेवर असतं.

"मॅडम, हे पैसे कुणाचे माझ्या खात्यात आले?"

मी पाहिलं. व्याज होतं. त्यांच्या निवृत्तीचे पैसे बचत खात्यात पडून होते आणि आमच्या कॉम्प्युटरने आपणहून त्यातली मोठी रक्कम मुदत ठेवीत वळवली होती. तशी सोयच असते. खात्यात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पैसे दिसले की वरचे पैसे आपोआप ठेवीत जातात आणि दर तिमाहीला व्याज खात्यात येतं. खातं उघडताना फॉर्मवर तिथे खूण झालेली होती. कोणी केली, देव जाणे.

"तुमचंच आहे हनीफभाई, व्याज आहे," मी कौतुकाने सांगितलं.

"तेच म्हणतोय मी. आम्हाला व्याज चालत नाय. परत घ्या."

आता आली का पंचाईत! आमच्या मॅनेजरसाहेबांनी सगळे मेनू धुंडाळले. दंड माफ करायची सोय होती, व्याज वाढवायची होती, पण आलेलं व्याज ग्राहकाला नको असेल तर काय करायचं याला कॉम्प्युटरमध्ये बटणच नव्हतं. शेवटी मी एक सोपा उपाय काढला. चालू खातं, म्हणजे व्यापारी लोक ठेवतात ते. त्यावर व्याज मिळत नाही. त्यात पैसे टाकले की विषय संपला.

"आणि माझ्या पैशांवरचं ते व्याज मग कोणाकडे राहील?"

"बँकेकडे."

त्यांनी आमच्या मॅनेजरच्या केबिनकडे, एसीकडे, नवीन आलेल्या सोफ्याकडे पाहिलं. "विचारून येतो," म्हणाले.

त्यांनी त्यांच्या मशिदीतल्या मौलानांना विचारलं. परत आले तेव्हा उत्तर घेऊनच आले. जे आलंय ते बँकेला सोडायचं नाही. काढून एखाद्या गरजूला द्यायचं. स्वतःवर एक पैसा खर्च करायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, दिल्याचं पुण्य मनात धरायचं नाही, कारण ती आपली वस्तूच नाही. दुसऱ्याची छत्री आपल्याकडे राहिली तर परत देतो, त्यात दान कसलं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी मान डोलावली. दान करून पावती फ्रेम करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. दानाला दान म्हणायला तयार नसलेला माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

गरजू कोण, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. वसाहतीच्या पलीकडे एक शाळा आहे. कामगारांची मुलं जातात. तिच्यासमोरच्या थांब्यावर हनीफभाई बसची वाट पाहत बसायचे. मधल्या सुट्टीत मुलं मैदानावर खेळतात आणि मोठ्या मुली मात्र दप्तर घेऊन घराकडे निघतात, हे त्यांच्या नजरेत आलं. काही परत येतात, काही येतच नाहीत. फिटरचं डोकं. जिथे गळती आहे तिथे नळ तपासायचा. त्यांनी चौकशी केली. मुलींचं बाथरूम मोडलेलं, पाणी नाही, कडी नाही.

शाळेच्या समितीचं खातं आमच्याच शाखेत होतं. त्या दिवशी हनीफभाईंनी व्याजाचे पैसे रोख काढले, त्याच काउंटरवर शाळेच्या खात्यात रोख भरले आणि मला म्हणाले, "हेडमास्तरीणबाईंना तुम्ही सांगा. मुलींच्या बाथरूमसाठी आहेत. दुसऱ्या कशाला नाय. आणि माझं नाव नाय."

"नाव कळलं तर काय बिघडतं? शाळेला आनंद होईल."

"बाथरूमला कुणी नाव लावतं का मॅडम?" ते हसले आणि गेले.

तेव्हापासून दर तिमाहीला हा कार्यक्रम सुरू झाला. काढायचे आणि भरायचे. वर्षभरात मुलींसाठी दोन नवी बाथरूम उभी राहिली, टाकी आली, आणि साफसफाईला एक बाई महिन्याच्या पगारावर लागली. हनीफभाई अधूनमधून शाळेच्या कंपाउंडवरून डोकावून टाकीचा पाइप नीट बसवलाय का ते बघून यायचे, हे मला त्यांनीच एकदा सांगितलं. गवंड्याने पाइपाला उतार चुकीचा दिला म्हणून चांगलेच भडकले होते, पण कोणाला सांगणार? मी हेडमास्तरीणबाईंना निरोप दिला, पाइप बदलला.

एकदा मी त्यांना सहज आठवण केली. "चालू खात्यात टाकू या ना पैसे? तुम्हाला व्याजच नको होतं."

त्यांनी पासबुक मिटलं. मग म्हणाले, "सफाईवाल्या बाईचा पगार कुठून जाईल मग?" आणि जरा खालच्या आवाजात, "जाणूनबुजून व्याज येऊ देणं, हे बरोबर नाय. मौलाना विचारतील तर माझ्याकडे जवाब नाय. ते माझं आणि त्याचं मी बघून घेईन." त्यांनी बोट वर केलं.  पुण्य नको म्हणून सोडलेलं, आणि वर दोष मात्र स्वतःच्या नावावर घेतलेला. हा कुठला हिशेब होता, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

शाळेच्या मुख्याध्यापिका आवारेबाई सायखेड्याच्या. आवाज खणखणीत, मनाला येईल ते तोंडावर. त्यांना त्या देणगीदाराचं नाव हवंच होतं. आपल्याकडची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. शाळेला पंखा दिला तर पात्यावर नाव, बाक दिला तर पाठीवर नाव, घड्याळ दिलं तर काट्यांच्या मागे नाव, मग वेळ दिसो न दिसो.

"ओ कुलथे मॅडम, मला नुसतं कानात सांगा ना," त्या काउंटरवर वाकून म्हणायच्या. "शाल-श्रीफळ देऊ. लय मोठा कार्यक्रम नाय करत, साधाच. सभापतींना बोलवू फक्त."

"बाई, सांगता येत नाही मला."

"आता यात काय चोरी हाय का? पोरी दहावीला बसाया लागल्या माझ्या! मला त्या माणसाच्या पाया पडू द्या."

मी नाही म्हटलं. त्या रुसून गेल्या आणि पुढच्या वेळी गूळ-शेंगदाण्याची वडी घेऊन पुन्हा विचारायला आल्या. वडी मी खाल्ली, नाव दिलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग आसिफच्या मोबाइलवर प्राप्तिकर खात्याचा संदेश आला.

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल. ज्या गोपनीयतेसाठी मी मावशीचा राग ओढवून घेतला, तीच बँक दरवर्षी सरकारला मात्र आपणहून कळवते, की अमुक पॅन नंबरच्या माणसाला इतकं व्याज मिळालं. शाखेत आम्ही काही करत नाही, ते मुख्य कार्यालयातून एकगठ्ठा जातं. कायदाच तसा आहे. आणि आता तर प्रत्येकाला सरकारच्या साइटवर आपलं वार्षिक माहिती विवरण दिसतं. कुठल्या बँकेतून किती व्याज, कुठले शेअर, कुठला मोठा खर्च, सगळं तिथे ओळीने हजर. पहिल्यांदा मी माझं स्वतःचं विवरण उघडलं तेव्हा मला खरोखर घाम फुटला होता. विसरून गेलेल्या पोस्टातल्या एका खात्याचं क्षुल्लक व्याजही तिथे बसलेलं! सातपूरच्या एका काउंटरवर झालेली बारीकशी नोंद कुठल्या तरी दूरच्या यंत्राला ठाऊक असते, ही गोष्ट मला भीतीदायक वाटावी की भव्य, ते मला ठरवता आलं नाही. दोन्ही वाटलं.

हनीफभाईंची चूक अशी, की दरवर्षी विवरणपत्र भरताना ते पेन्शन दाखवायचे आणि व्याज दाखवायचेच नाहीत. लबाडी नव्हे. त्यांच्या मते ते त्यांचं उत्पन्नच नव्हतं. जे माझं नाही ते माझं म्हणून कसं लिहू, असा त्यांचा साधा विचार. पण बँकेने कळवलेलं व्याज आणि त्यांनी भरलेला शून्य, यंत्राला जुळले नाहीत. आणि साइटवर नोंदलेला मोबाइल नंबर होता आसिफचा, जसा बहुतेक घरांत मुलाचाच असतो.

आसिफने वडिलांचं विवरण उघडलं आणि त्याला धक्का बसला. वर्षानुवर्षं एवढं व्याज येतंय, आणि खात्यात शिल्लक दिसत नाही. पासबुकात दर तिमाहीला रोख काढलेले. वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुला काय करायचंय?" मग आवाज चढले. आसिफची खात्री झाली की वडिलांना कोणीतरी फसवतंय, एखादा भोंदू, एखादा एजंट, नाहीतर आणखी काही. त्याने म्हटलं, खातं जॉइंट करा, एटीएम कार्ड माझ्याकडे द्या. हनीफभाईंनी पिशवी भरली आणि मनमाडला आपल्या जुन्या सहकाऱ्याकडे राहायला निघून गेले.

आसिफ दुसऱ्याच दिवशी शाखेत आला. हात तेलकट, डोळे लाल. हा चांगला मुलगा होता. वडिलांना नमाजला नेता यावं म्हणून दर शुक्रवारी वर्कशॉप बंद ठेवणारा.

"मॅडम, अब्बा पैसे कुणाला देतात?"

"आसिफ, मला सांगता येणार नाही."

"तुम्हाला माहीत आहे!"

मी गप्प.

"म्हणजे माहीत आहे. बूढा माणूस आहे, एकटा आहे, कुणी लुटलं तर? घर सोडून गेलेत ते. आजवर बापाने माझ्यावर असा आवाज चढवला नव्हता. एक नाव सांगा फक्त."

"नाही."

"सरकारला सांगता! सगळं छापून सांगता! आणि त्याच्या पोराला सांगत नाय?"

शाखेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. खरं सांगते, त्याचं म्हणणं चूक नव्हतं. सरकारला व्याज कळवायला कायदा होता. मुलाला सांगायला नव्हता. सरकारला फक्त एवढंच कळलं होतं की पैसे आले. ते कुठे गेले हे सरकारने विचारलं नव्हतं, आणि ते माहीत असलेली त्या शहरात फक्त मी होते. एक शब्द बोलले असते तर बाप-लेकाचं भांडण तिथेच संपलं असतं. शाळा. एवढा एकच शब्द. मी जिभेला आवर घातला आणि आसिफ काउंटरवर मूठ आपटून निघून गेला. घरी गेल्यावर मी माझ्या यजमानांना सांगितलं, "आज मी खूप वाईट वागले." कोणाशी आणि का, ते मात्र त्यांनाही सांगता येत नव्हतं.

तिमाही संपली आणि हनीफभाई मनमाडहून गाडीने आले. त्याच कामासाठी. खंगले होते. मी त्यांना आत बोलावून बसवलं, चहा मागवला आणि स्पष्टच सांगितलं.

"हनीफभाई, मुलाला सांगा. किंवा मला सांगायची परवानगी द्या. तो तुमच्या काळजीने वेडा झालाय."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

ते चहा ढवळत राहिले. "मॅडम, सांगितलं तर काय होईल? तो खूश होईल. लोकांना सांगेल, माझे अब्बा असे आहेत. मोहल्ल्यात लोक मला सलाम करतील. मला ते आवडेल." ते थांबले. "मला लय आवडेल, मॅडम. हेच तर भ्या वाटतं. या पैशातून मी एक चहा प्यायलो नाय, आणि एवढा मोठा मान खाऊ?"

 मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखत होते, आणि तो कुठल्या उंचीवर उभा आहे हे मला त्या दिवशी दिसलं. दिलेलं गुप्त ठेवणारे लोक मी ऐकले होते. पण स्वतःला मान आवडतो हे माहीत असलेला आणि म्हणून त्यापासून चार पावलं लांब राहणारा माणूस मी पाहिला नव्हता. आणि त्यापायी तो स्वतःच्या मुलाला गमवायला निघाला होता, हेही मला दिसत होतं.

"मग निदान करखात्याचं काम तरी नीट करू या," मी म्हटलं. "आसिफला बोलवते. नावाचं कोणी काही विचारणार नाही."

आसिफ आला. बापाकडे न बघता बसला. मोबाइलवर त्याने विवरण उघडलं. त्या व्याजाच्या नोंदीसमोर उत्तर द्यायला पर्याय होते, आणि आसिफ ते वाचून दाखवू लागला. माहिती बरोबर आहे. माहिती पूर्ण बरोबर नाही. ही माहिती दुसऱ्या माणसाची आहे. माहिती मान्य नाही.

"दुसऱ्या माणसाची आहे, असं टाकू का?" आसिफने रूक्षपणे विचारलं. "तुम्ही तेच म्हणता ना, तुमचे नाय म्हणून?"

हनीफभाई विचार करू लागले. खरोखर विचार करत होते. "आहे दुसऱ्याचीच," ते शेवटी म्हणाले. "पण मग त्या दुसऱ्याचा पॅन नंबर मागतील ना? मी कुठून देऊ?"

मला हसू आलं आणि लगेच ओसरलं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्यांच्यासमोर खरी अडचण होती. जे आपलं नाही ते आपलं आहे असं सांगायचं, की सरकारने खरी कळवलेली गोष्ट खोटी ठरवायची? त्यांनी खिशातला पाना काढून दोन-तीनदा बोटांत फिरवला. 

"सरकारने खोटं लिहिलं नाय," हनीफभाई म्हणाले. "माझ्या खात्यात आले होते. बरोबर आहे, ते दाब."

आसिफने दाबलं. मग सुधारित विवरणपत्र, मागचा कर, त्यावरचं विलंबाचं व्याज. हो, त्यावरही व्याज! व्याज घेत नसलेल्या माणसाला व्याज भरावं लागलं. रक्कम ऐकून आसिफ म्हणाला, "ठीक आहे, या तिमाहीच्या व्याजातून वळते करा."

"नाय." हनीफभाईंचा आवाज इतका खणखणीत झाला की मी दचकले. "त्यातला एक रुपया माझ्या कामाला नाय लागायचा. कर माझा आहे. पेन्शनमधून भर."

"अब्बा, पण ते तर तुमचेच—"

"पेन्शनमधून."

आसिफने मोबाइल खाली ठेवला आणि कितीतरी वेळाने पहिल्यांदा बापाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय उलगडत गेलं ते मला दिसलं. ज्याला कोणी लुटत असेल तो माणूस असं करत नाही. ज्याला लपवायचं असेल तोही करत नाही. बापाने जे खाल्लंच नाही त्याचा कर तो आपल्या भाकरीतून भरतोय, हे त्या मुलाला समजलं. कशासाठी, ते मात्र समजलं नाही. त्याने पेन्शनच्या पैशांतून कर भरला, मग उठून बापाची पिशवी उचलली. "चलो, घर चलो," एवढंच म्हणाला. दारापर्यंत गेल्यावर परत वळून माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता विचारतोय.

"मॅडम, त्या दिवशी टेबल आपटलं. माफ करा," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर हनीफभाई आमच्या शाखेत बरीच वर्षं येत राहिले. काढायचे, भरायचे. व्याज विवरणपत्रात लिहायचे, कर पेन्शनमधून. आवारेबाई निवृत्त झाल्या, त्यांनाही नाव कळलं नाही. जाता जाता त्या माझ्या हातात एक नारळ ठेवून म्हणाल्या, "त्याला द्या, कोण असंल तो." मी तो नारळ हनीफभाईंना दिला. त्यांनी फार आढेवेढे घेतले, शेवटी म्हणाले, "नारळ चालेल. नारळ काय व्याजाचा नाय." आणि घेऊन गेले.

हनीफभाई गेले तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. आसिफ वारसाचे कागद घेऊन आला. मृत्यूचा दाखला, नॉमिनीचा फॉर्म. मी सगळं करून दिलं. पैसे त्याच्या खात्यात वळते झाले. त्याचंही खातं तसंच होतं, व्याज देणारं.

शेवटच्या तिमाहीचं व्याज त्याने रोख काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. सोबत पैसे भरायची स्लिप. रक्कम लिहिलेली, खाली सही केलेली. खाते नंबर आणि नावाची जागा कोरी.

"अब्बा जिथे भरायचे तिथे भरा."

 "आसिफ, आता मी सांगते तुला. ते असते तर नसतं सांगितलं. पण आता..."

त्याने हात पुढे करून मला थांबवलं. "नको मॅडम. सांगायचं असतं तर त्यांनी सांगितलं असतं." आणि तो काउंटरकडे पाठ करून उभा राहिला, बाहेरच्या रस्त्याकडे बघत.

मी नंबर लिहिला. शाळेचं नाव लिहिलं.  शिक्का मारून पावती फाडली आणि त्याला हाक मारली, तर तो न वळताच म्हणाला, "ती तुम्ही टाकून द्या." मग थोड्या वेळाने, "तुम्ही रिटायर होताय ना? पुढच्या वेळी कोण लिहील?"

आता मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली. काउंटरवर नवीन मुलगी आहे, तिला काही माहीत नाही, आणि मी तिला काही सांगितलेलं नाही. दर तिमाहीला आसिफचा फोन येतो, "मॅडम, येता का?" मी रिक्षाने सातपूरला जाते. व्याज त्याच्या विवरणात दिसतं आणि त्याचा कर तो वर्कशॉपच्या कमाईतून भरतो, हे त्यानेच मला सांगितलंय. शाखेत गेल्यावर तो स्लिपवर सही करतो, माझ्याकडे देतो आणि पाठ फिरवतो. मी ग्राहकांच्या बाजूला उभी राहून नंबर लिहिते. मी लिहून होईपर्यंत तो तसाच उभा असतो. अजून एकदाही त्याने वळून पाहिलेलं नाही.